तारापूरची भरपाई आणि कलम २५

अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ च्या निकालाने शंभरावर कारखान्यांवर भरपाई बसवली. ती कशी वसूल व्हावी, हे न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातील कलम २५ सांगते. त्याचा आशय ओळीओळीने पाहू.

आदेश न्यायाधिकरणाला दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येईल.
म्हणजे दरखास्त, जप्ती, लिलाव. सर्वोच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस आहेत. पण नुसत्या अपिलाने वसुली अडत नाही, त्यासाठी स्थगिती मिळवावी लागते. 

तो स्थानिक दिवाणी न्यायालयाकडे पाठवता येईल.
न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यात, तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांची यंत्रे बोईसरला. बेलीफ जवळच्या कोर्टाचा असलेला बरा. इतकेच.

मुदतीत न भरलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होईल. त्याने फौजदारी तक्रारीला बाध येणार नाही.
कलमाचा जोर या ओळीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १७६ महसूल यंत्रणेच्या हाती मागणीची नोटीस, जंगम-स्थावर मालमत्तेची जप्ती व विक्री, कसूरदाराची अटकही देते. दिवाणी दरखास्तीची वर्षे त्यात वाचतात.

पण घोडे पेंड खाते ते पुढे. महसुलाच्या रीतीने वसूल होणारे येणे म्हणजे खुद्द महसूल नव्हे. त्याच संहितेचे कलम १६९ अशा सरकारी येण्याला केवळ विनातारण देण्यांच्या पुढे बसवते. कारखाना गहाण ठेवून घेतलेली बँक त्याच्याही पुढे. शिवाय एमआयडीसीचा भूखंड कंपनीच्या मालकीचा नसतो. लिलावात निघतो तो भाडेपट्ट्याचा हक्क, आणि तो हस्तांतरित व्हायला महामंडळाची संमती लागते. कंपनी दिवाळखोरी संहितेच्या प्रक्रियेत गेलीच, तर कलम १४ ची मनाई जप्तीही थांबवते.

वसुलीचा पाठपुरावा कोणी करायचा, हे मात्र या ओळीत नाही. बोईसरच्या एखाद्या पुरवठादाराच्या बाजूने हुकूमनामा झाला, तर पैसा त्याचा असतो, म्हणून तो १२ वर्षांच्या मुदतीत कंपनीची पाठ सोडत नाही. पर्यावरणहानीची भरपाई कलम २४ नुसार पर्यावरण मदत निधीत जमा व्हायची असते. अर्जदार मांगेला मच्छीमार तिचे धनको ठरत नाहीत, आणि तहसीलदाराच्या टेबलावर ती अनेक थकबाक्यांपैकी एक असते. म्हणून पहिली ओळ पुन्हा वाचावी: बजावणीसाठी न्यायाधिकरणाचे दार तिने उघडे ठेवले आहे, आणि ते ठोठावायला अर्जदारांना तहसीलदाराची वाट पाहावी लागत नाही.