प्रकृतीच्या कारणास्तव : ‘डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा’ची वाटचाल

23 एप्रिल 1992 रोजी ब्रह्मदेशाच्या लष्करी राजवटीचे प्रमुख जनरल सॉ माँग पायउतार झाले. प्रकृतीचे कारण जाहीर झाले आणि थान श्वे त्यांच्या जागी बसले. 1990 च्या निवडणुकीत 485 पैकी 392 जागा जिंकणाऱ्या आँग सान सू ची यांच्या पक्षाला मात्र सत्ता मिळालीच नव्हती. 1992 च्या जुलैमध्ये परागंदा झालेल्या लोकशाहीवाद्यांनी नॉर्वेतील ऑस्लो येथून लघुलहरींवर बर्मी प्रसारण सुरू केले. नॉर्वेच्या आधारावर उभी राहिलेली हीच ‘डीव्हीबी’.

ज्या देशाची वार्ता द्यायची, त्याच देशात पाऊल ठेवायला बंदी, अशी ही सुरुवात होती. पुढे बर्मीखेरीज इतर जनसमूहांच्या भाषांतही बातम्या जाऊ लागल्या आणि 28 मे 2005 रोजी उपग्रह वाहिनी सुरू झाली.

सप्टेंबर 2007 मध्ये भिक्षू रस्त्यावर उतरले, तेव्हा संस्थेचे खरे बळ जगाला दिसले. यांगूनच्या गर्दीत छुपे कॅमेरे घेऊन फिरणाऱ्या वार्ताहरांची दृश्ये ऑस्लोमार्गे जगभर पोहोचली. जपानी पत्रकार केन्जी नागाई यांच्यावर सैनिकाने झाडलेली गोळीही याच वार्ताहरांच्या चित्रणात आहे. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान सो विन रक्ताच्या कर्करोगाने वारले. त्यांच्या आजारपणात कारभार पाहणारे थेन सेन त्या पदावर आले; माणूस बदलला, राजवट तीच राहिली. जानेवारी 2008 मध्ये उपग्रह तबकडीचे वार्षिक शुल्क 6,000 क्यातवरून 10 लाखांवर गेले. वाहिनीची धास्ती किती होती, ते या आकड्यावरूनच कळते. अनेक वार्ताहर तुरुंगात गेले. ला ला विन यांना तर एकूण 27 वर्षांची शिक्षा झाली. त्यांची सुटका 2012 मध्ये झाली. त्याच काळात संस्थेलाही मायदेशी परतता आले.

हे दिवस फार टिकले नाहीत. 1 फेब्रुवारी 2021 च्या पहाटे दोन वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांनी राष्ट्राध्यक्ष विन म्यिन यांना प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा द्यायला सांगितले. आपली प्रकृती उत्तम आहे, असे सांगून त्यांनी नकार दिला. हे त्यांनी पुढे न्यायालयात सांगितले. त्यांना अटक झाली, उपाध्यक्ष म्यिन स्वे हंगामी अध्यक्ष झाले आणि त्यांनी सत्ता सेनापती मिन आँग ह्लाइंग यांच्या हवाली केली. 8 मार्चला डीव्हीबीसह पाच वृत्तसंस्थांचे परवाने रद्द झाले. संस्था पुन्हा परदेशी गेली, पण प्रसारण थांबले नाही. नागाई यांचा हरवलेला कॅमेरा तिने शोधून काढला आणि एप्रिल 2023 मध्ये बँकॉकमध्ये त्यांच्या बहिणीच्या हाती दिला.

जुलै 2024 मध्ये म्यिन स्वे आजारी पडले आणि त्यांचे अधिकारही सेनापतींनीच घेतले. ऑगस्ट 2025 मध्ये म्यिन स्वे निवर्तले. या घडामोडींची बातमी लष्कराच्या घोषणेपलीकडे जाऊन देणाऱ्यांत डीव्हीबी आजही आहे. तिच्यासाठी देशात राहून काम करणाऱ्यांची नावे मात्र अजून उघडपणे घेता येत नाहीत.