कामावरील दुखापत व आजार : ताथवडे ते चाकण

कामाच्या ठिकाणी झालेली इजा किंवा कामामुळे जडलेला आजार यांचा कामगाराच्या कमाईवर व कुटुंबावर होणारा परिणाम. पुण्याजवळच्या ताथवडे, पुनावळे, वाकड या भागात मुख्यतः इमारतींची कामे चालतात. भोसरी-चाकणला वाहनांचे सुटे भाग बनतात. बांधकामावर धोका उंचीचा, कारखान्यात प्रेस मशिनचा.

‘प्रेसवर बोट गेलं’ हे या पट्ट्यातले नेहमीचे वाक्य. पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवून पायाने पेडल दाबायचे. हात मागे येण्याआधी वरचा भाग खाली आला की बोट तुटते. दोन्ही हातांनी दाबायची बटणे किंवा सेन्सर चालू असले तर हे टळते. उत्पादन वाढावे म्हणून सेन्सर बंद ठेवायचा आणि दोष हेल्परच्या निष्काळजीपणावर टाकायचा, हा सरळ अन्याय आहे.

कायद्यात पूर्ण तर्जनी गेल्यास कमाईची क्षमता १४ टक्के घटली असे धरतात. १५,००० रुपये पगाराच्या, कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) नोंद असलेल्या कामगाराला त्यापोटी महिन्याला सुमारे १,८९० रुपये आयुष्यभर मिळू शकतात. प्रत्यक्षात ठेकेदार त्याला पुन्हा मशिनवर घेत नाही. मग बायको धुण्याभांड्याची कामे धरते, गावाकडच्या कर्जाचे हप्ते थकतात, मुलाची शाळा सुटते. अविवाहित तरुणाचे लग्न अडते, याची तर कुठे नोंदही होत नाही.

ईएसआय योजना १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना आणि २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू आहे. मात्र योजनेचे कार्ड अपघातानंतरच हाती पडल्याची उदाहरणे ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या अहवालांत आहेत. योजनेबाहेरच्यांना १९२३ च्या भरपाई कायद्याचा आधार होता. आता दोन्ही तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे (नाव जवळचे असले तरी हे ताथवडे नव्हे) वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागली. सहा महिला त्याच दिवशी गेल्या, भाजलेल्यांपैकी आणखी काही जण पुढे रुग्णालयात दगावले. जिथे कारखान्याचीच नोंद नाही, तिथे कामगाराची कुठून असणार?

कामामुळे जडणारे आजार अपघातांहून दुर्लक्षित. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार जगात कामाशी निगडित कारणांनी वर्षाला सुमारे २९ लाख मृत्यू होतात; त्यांतले २६ लाख आजारांमुळे. प्रेस शॉपमधल्या माणसाला हळूहळू कमी ऐकू येते, घरचे टीव्हीचा आवाज वाढवून देतात, आणि दाव्यात लिहायला अपघाताची तारीख नसते.

अपघात झाला तर त्याच दिवशी अपघात नोंदवहीत नोंद करून घ्यावी आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. भरपाईचा दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो.