कंपालाचे नळ आणि हजारी नोकर

आम्ही शाळा फारशी शिकलेलो नाही. पण कामगार संघटनेत उमर गेली, त्यामुळे हजेरीपट आणि ताळेबंद वाचण्याची सवय जडली. कामाचे माप निघाले म्हणजे मागून कपातीचे पत्र येते, हा कामगाराचा अनुभव आहे. ही भीती कितपत खरी, हे आफ्रिकेतील एका पाणीपुरवठ्याच्या इतिहासात तपासून पाहू.

युगांडाची राजधानी कंपाला. तिचे बरेच पाणी गाबा येथे व्हिक्टोरिया सरोवरातून उपसतात. १९७२ साली, इदी अमीनच्या राजवटीत, कंपाला, एंटेबी व जिंजा या शहरांसाठी राष्ट्रीय जल व मलनिःसारण महामंडळ स्थापन झाले. पुढे यादवीत सारेच खिळखिळे झाले. परकीय कर्जातून यंत्रे दुरुस्त झाली, कारभार मात्र सुधारला नाही. १९९८ साली महामंडळाच्या शंभर घागरी पाण्यापैकी सुमारे साठ घागरींचा पैसा येत नव्हता. काही पाणी गळे, काही चोरीस जाई, काही मोजलेच जात नसे. नळजोडण्या सुमारे ५१ हजार, आणि हजार जोडण्यांमागे नोकर ३६.

त्या वर्षाच्या अखेरीस डॉ. विल्यम मुहैरवे व्यवस्थापकीय संचालक झाले. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्यांनी शंभर दिवसांचा कार्यक्रम आखला. वसुली, गळती, नव्या जोडण्या, सर्वांचे आकडे ठरवून दिले. कंपालाचे काम काही काळ जर्मन व नंतर फ्रेंच कंपनीकडे होते. २००४ मध्ये करार संपला, तो वाढविला नाही. त्याऐवजी महामंडळाने आपल्याच शाखांशी लेखी करार केले. उद्दिष्ट गाठले तर बक्षीस, हुकले तर वेतनाला झळ.

२००८ पर्यंत जोडण्या दोन लाखांवर गेल्या. बिनहिशेबी पाणी सुमारे एक तृतीयांशावर आले. हजारी नोकर सुमारे सात राहिले.

छत्तिसाचे सात! ऐकून वाटते, पाचांतले चार घरी गेले. पण गुणाकार करून पाहा. नोकर सुमारे १,८०० होते, ते १,४०० राहिले. कपात झालीच, शेकडो संसारांना तिचा फटका बसला, ते आम्ही झाकत नाही. परंतु जोडण्या वाढल्या नसत्या, तर एवढ्या कपातीने छत्तिसाचे सत्तावीसच झाले असते. बाकीची सारी घट नव्या नळांनी घडविली.

हे माप काय सांगत नाही, तेही पाहिले पाहिजे. काम ठेकेदाराकडे दिले, तरी हजारी नोकर घटतात. माणसे तीच, फक्त हजेरीपटावरून उतरलेली. आणि ज्या वस्तीत नळच नाही, तेथे वीस लिटरचा पिवळा डबा घरच्या नळाच्या दरापेक्षा कितीतरी महाग पडतो. ती बाई या हिशेबात कोठेच नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. माप जरूर घ्यावे. कामगाराने त्याला पाठ दाखवू नये. पण कोणी हजारी आकडा पुढे केला, की आधी विचारावे: नोकर किती घटले, नळ किती वाढले, आणि त्या डब्याचा भाव काय?