दहा पेन्सांची सजा आणि सिडनीची पाठशाळा

काळे पाणी म्हटले की मराठी वाचकाच्या मनात अंदमान उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु अंदमानच्या वसाहतीत आपल्याकडील बंदिवान जाऊ लागण्याच्या पुष्कळ आधी समुद्रापार हद्दपारीची ही सजा इंग्रज सरकारने आपल्या स्वतःच्या रयतेवर मोठ्या प्रमाणात चालविली होती. १७८८ च्या जानेवारीत अकरा गलबतांचा पहिला ताफा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागला, तेव्हापासून १८६८ पर्यंतच्या ऐंशी वर्षांत सुमारे १,६२,००० स्त्रीपुरुष त्या खंडात नेऊन सोडले गेले. त्यांत आयर्लंडहून धाडलेले चाळीस हजारांच्या आसपास होते. कोणी १७९८ च्या बंडात शस्त्र धरले म्हणून, कोणी मेंढी चोरली म्हणून, तर कोणी पोटाची आग असह्य झाली म्हणून या वाटेला लागले होते.

अशा वसाहतीत मुले जन्माला येणारच, आणि मुले आली की त्यांना अक्षरओळख करून देणारा कोणी तरी हवा. अंमलदार व शिपाई आपापल्या कामात, स्वतंत्र नागरिक बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा शिक्षक शोधायचा तो कैद्यांतूनच, असा प्रसंग होता. सिडनीत पहिल्याने मुले शिकविणारी इसाबेला रॉसन ही पहिल्याच ताफ्यातून आलेली बंदिवान स्त्री होती. तिने मुळाक्षरे शिकविली. परंतु लॅटिन, ग्रीक आणि गणित यांची तयारी करून घेणारे उच्च शिक्षण त्या मातीत रुजविण्याचे पहिले भगीरथ प्रयत्न ज्याने केले, तो लॉरेन्स हाइन्स हॅलोरन हाही सजा भोगण्यासाठीच आणलेला मनुष्य होता, आणि त्याच्याविषयी मराठीत चार शब्द लिहिले जावेत अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

हॅलोरनचा जन्म १७६५ च्या डिसेंबरात आयर्लंडातील मीथ परगण्यात झाला. लहानपणीच आईबापांचे छत्र हरपले. कोवळ्या वयात तो आरमारात शिरला, आणि तेथे एका सोबत्याला भोसकल्याच्या आरोपावरून तुरुंगात पडला. पुढे निर्दोष सुटला. यानंतर इंग्लंडातील एक्झेटर शहरालगत आल्फिंग्टन येथे त्याने शाळा काढली व ती नावारूपाला आणली. तेथे शिकलेल्यांपैकी रॉबर्ट गिफर्ड हा पुढे न्यायखात्यात अत्युच्च पदांवर पोहोचला. कविता करण्याचा नाद गुरुजींना तेव्हापासूनच होता, आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही.

शाळेनंतर पुन्हा आरमार. मात्र आता धर्मोपदेशकाच्या वेषात. १८०५ साली ट्रफाल्गरच्या समुद्रात तोफा धडाडत असताना तो ‘ब्रिटानिया’ या युद्धनौकेवर हजर होता, आणि त्या संग्रामावर त्याने पुढील साली काव्यही प्रसिद्ध केले. तेथून केप टाउनला लष्कराचा धर्मोपदेशक व सरकारी पाठशाळेचा मुख्य अशा दुहेरी कामावर त्याची नेमणूक झाली. तेथे दोन अधिकाऱ्यांच्या द्वंद्वयुद्धाच्या खटल्यात आरोपींचा कैवार घेऊन तो वरिष्ठांच्या रोषास पात्र झाला, आणि गप्प बसण्याऐवजी त्याने वरिष्ठांवरच उपहासकाव्य रचून छापले. त्याबद्दल त्या मुलखातून त्याची हकालपट्टी झाली. ज्या धर्मदीक्षेच्या बळावर तो इतकी वर्षे पाद्री म्हणून मिरवीत होता, ती त्याला कोणी दिली याचा दाखला मात्र सरकारदरबारी कधीच मिळाला नाही. त्याची विद्या अस्सल होती, परंतु सनद बनावट होती. त्याच्या चरित्रकथेत हे लपवून चालणार नाही, आणि मला ते लपवावयाचेही नाही.

इंग्लंडला परतल्यावर ज्या गुन्ह्याने त्याचा घात केला, तो आज वाचणाऱ्यास विश्वास बसू नये इतका क्षुल्लक आहे. त्या काळी टपालहशील बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यावयाचे असे. परंतु पार्लमेंटच्या सभासदाने लिफाफ्यावरील सगळा पत्ता स्वतःच्या हाताने लिहून, त्यावर गाव व तारीख घालून कोपऱ्यात सही केली, की ते पत्र बिनहशिली जात असे. ही सवलत इतकी हवीहवीशी होती की सभासदांच्या सह्यांसाठी त्यांच्या मित्रमंडळींची सदैव रीघ लागलेली असे, आणि तिचा गैरवापर थांबावा म्हणून खोट्या सहीला सात वर्षांच्या हद्दपारीची सजा कायद्याने ठरविली होती. हॅलोरनने अशी एक खोटी सही केली. टपालखात्याचे नुकसान झाले दहा पेन्सांचे. सप्टेंबर १८१८ मध्ये, म्हणजे इकडे पेशवाईचा अंत झाला त्याच वर्षी, ओल्ड बेलीच्या न्यायालयाने त्याला सात वर्षे समुद्रापार धाडण्याचा हुकूम फर्मावला. वय बावन्न, पाठीशी मोठे कुटुंब, आणि आल्फिंग्टनचा जुना विद्यार्थी गिफर्ड या वेळी सरकारचा सॉलिसिटर जनरल!

१८१९ च्या जूनमध्ये ‘बॅरिंग’ जहाजाने तो सिडनीस उतरला. त्याचे दैव असे की गव्हर्नरच्या जागी त्या वेळी लॅक्लन मॅक्वारी होता. हा मॅक्वारी आपल्या मुंबईला परका नाही. तरुणपणी तो येथील पलटणीत होता, १७९३ साली त्याचा पहिला विवाह मुंबईतच झाला, आणि ती पत्नी पुढे मकाव येथे वारली तेव्हा तिचा देह त्याने मुंबईस आणून मूठमाती दिली. सजा भोगून सुधारलेल्या माणसाला त्याचे पूर्वीचे स्थान परत मिळाले पाहिजे, हे त्याचे ठाम धोरण होते, आणि त्यापायी त्याने वसाहतीतील जमीनदार व अंमलदार यांचे वैर पत्करले होते. हॅलोरन येताच मॅक्वारीने त्याला मोकळेपणाने राहून पोट भरण्याचा परवाना दिला. लवकरच त्याची खाजगी शाळा सुरू झाली, आणि तरुणांना शिकविण्यात या वसाहतीत त्याची बरोबरी करणारा नाही असे गव्हर्नरचे मत झाले. कालपर्यंत बेड्यांच्या जहाजात असलेल्या माणसाच्या हाती प्रतिष्ठित घराण्यांनी आपले मुलगे विश्वासाने सोपविले, यातच त्याच्या अध्यापनाची खरी परीक्षा होऊन गेली असे मी समजतो.

खाजगी शाळेवर त्याचे समाधान नव्हते. वसाहतीला स्वतःची सार्वजनिक पाठशाळा असावी, तिला विश्वस्त असावेत, वर्गणीदार असावेत, हा ध्यास घेऊन १८२५ च्या अखेरीस त्याने शहरातील मातब्बर मंडळींना एकत्र आणले, आणि १८२६ च्या जानेवारीत त्याच्याच मुख्याध्यापकत्वाखाली ती शाळा उघडलीही. दुर्दैवाने त्याची जीभ आणि लेखणी त्याच्या विद्येची सतत वैरीण ठरली. विश्वस्तांशी भांडणे झाली, आणि वर्षअखेर शाळेला कुलूप लागले. कर्जापायी तुरुंगवास घडला. १८२७ मध्ये ‘ग्लीनर’ नावाचे वर्तमानपत्र त्याने काढले, ते सहा महिन्यांत बंद पडले. पुढे गव्हर्नर डार्लिंगने त्याला अपमृत्यूंच्या चौकशीचा अधिकारी नेमले. पण आर्चडीकन स्कॉट या धर्माधिकाऱ्यावर जाहीर टीका छापण्याची धमकी दिल्याने तीही जागा गेली. तेव्हा म्हाताऱ्याने, सरकारविरुद्ध गाऱ्हाणी असलेल्या लोकांचे अर्ज लिहून देण्याची कचेरी थाटली. अर्जनवीस होण्याची पाळी ही अवनती खरी. पण ज्याला लिहिता येत नाही अशा गांजलेल्या माणसाची कैफियत नीट भाषेत सरकारपुढे जावी, हे कामही मला शिक्षकाच्याच कामाचा विस्तार वाटते. ८ मार्च १८३१ रोजी सिडनीत त्याचा अंत झाला.

त्याच्या मृत्यूपूर्वी एक वर्ष, २६ जानेवारी १८३० ला, सिडनी कॉलेजच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. १८२५ च्या सभेत मांडलेल्या संकल्पाचेच हे दुसरे रूप. १८३५ मध्ये ते विद्यालय सुरू झाले. १८५२ साली सिडनी विद्यापीठाचे पहिले वर्ग याच वास्तूत भरले, आणि १८५७ पासून तेथे सिडनी ग्रामर स्कूल नांदत आहे. पाद्री म्हणून हॅलोरन खोटा होता, सहकारी म्हणून असह्य होता. परंतु त्या देशातील उच्च पाठशाळेची कल्पना लोकांपुढे प्रथम उभी करून ती चालविण्याचा मान त्याचा आहे, आणि तो त्याला निःसंकोचपणे दिला पाहिजे. त्याचा नातू हेन्री हॅलोरन आजोबांच्याच शाळेत शिकून कारकुनीत लागला, आणि चढत चढत न्यू साउथ वेल्सच्या मुख्य सचिवालयाचा प्रमुख अधिकारी झाला.