पडद्याबाहेर गेलेल्या ओळी
१/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह मोजक्या महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. वांद्र्यात तोवर थडोमल शहानी (१९८३) आणि फादर कॉन्सेसाओ रॉड्रिग्ज (१९८४) ही दोन अभियांत्रिकी महाविद्यालये रुजली होती. विद्यार्थ्यांच्या वाट्याला मात्र येई ते ‘शेल अकाउंट’: ना चित्रे, ना माउस, काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे.

२/
वापराचे तास ठरलेले आणि टेलिफोनचे बिल वेगळे. म्हणून आलेली पत्रे भराभर पडद्यावर आणावीत, फोन तोडावा आणि मग मागे सरकून निवांत वाचावे, हा शहाणपणाचा मार्ग वाटे. पण मागे गेल्यावर ओळी गायब असत, दोनदा दिसत किंवा एकमेकींवर चढलेल्या असत. ही खोड आजच्या टर्मिनलच्या खिडकीतही आढळते. ती आली कुठून?

३/
आरंभी पडदाच नव्हता. १९६३च्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्रावर सेकंदाला १० अक्षरे कागदावर उमटत. मागचे वाचायचे तर गुंडाळी उचलायची. छापलेली ओळ पुसली जाण्याचा प्रश्नच नव्हता.

४/
१९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे व्हीटी-१०० आले: ८० स्तंभ, २४ ओळी. पंचविसावी ओळ आली की पहिली कायमची गेली. त्या बदल्यात एक सामर्थ्य मिळाले. ‘एस्केप’ने सुरू होणाऱ्या सांकेतिक आज्ञांनी पडद्यावर हव्या त्या जागी लिहिता-पुसता येऊ लागले.

५/
पुढे घरचा संगणक व्हीटी-१००चे सोंग घेऊ लागला आणि वर गेलेल्या ओळी आपल्या स्मृतीत साठवू लागला. दूरच्या युनिक्स यंत्राला या साठ्याचा पत्ताच नव्हता. साठ्यात शिरे ती केवळ वरच्या कडेवरून ढकलली गेलेली ओळ. पत्रांसाठीचा ‘पाइन’ आणि वेबसाठीचा ‘लिंक्स’ तर पडदा जागच्या जागी रंगवत. वाचलेले पान साठ्यात पोहोचतच नसे. उरत त्या चिंध्या.

६/
दुसरा घोळ मोजणीचा. डॉसच्या पडद्यावर २५ ओळी, व्हीटी-१००वर २४. दोन्ही टोकांचा हिशेब जुळला नाही, तर मजकूर भलत्या ओळीवर पडे आणि तो गोंधळ तसाच साठ्यात जाई. आज खिडकीची रुंदी बदलल्याची वर्दी दूरच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचली नाही, तर हेच घडते.

७/
तिसरे कारण टेलिफोनची खरखर. तिच्यातून ‘शिफ्ट-आउट’ हे एक चुकार चिन्ह आले, तरी पुढची अक्षरे रेघा-चौकटींच्या रूपात उमटू शकत. मजकूर शाबूत असे; त्याचा अर्थ लावणारे यंत्र बिथरलेले असे.

८/
हीच मोजणी देवनागरीच्या आड आली. टर्मिनल म्हणजे समान घरांची जाळी: एक अक्षर, एक घर. १९९१च्या इस्की मानकाने आणि पुढे युनिकोडने आपल्या लिपीला संकेत दिले. पण ‘क्षि’ हे एक अक्षर युनिकोडमध्ये चार संकेतांचे. प्रोग्राम आणि टर्मिनल यांनी त्याची घरे वेगवेगळी मोजली की ओळ भलत्या ठिकाणी तुटते.

९/
उपाय जुनेच आहेत. कंट्रोल आणि एल दाबल्यास बहुतेक प्रोग्राम पडदा नव्याने रंगवतात. अक्षरे बिघडली तर ‘रीसेट’ ही आज्ञा द्यावी. माप चुकले असेल, तर ‘एसटीटीवाय’ने ओळी आणि स्तंभ पुन्हा सांगावेत. मात्र साठ्यात न पोहोचलेली ओळ यांपैकी कशानेही परत येत नाही. जपायचा मजकूर आधीच फाइलीत उतरवावा. युनिक्समध्ये त्यासाठी ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञा आहे.

१०/
टेलिटाइपवर लिहिणे आणि जपणे ही एकच क्रिया होती. काचेच्या पडद्याने त्या दोहोंची फारकत केली. त्या काळी ज्यांनी ‘मागे सरकून वाचू’ म्हणत पत्रे साठ्याच्या भरवशावर सोडली, त्यांच्या हाती फोन तुटल्यावर अनेकदा चिंध्याच उरल्या. ज्यांनी ती फाइलीत उतरवली, त्यांच्यापाशी आपल्या शहरातल्या इंटरनेटच्या पहिल्या दिवसांचा लेखी पुरावा उरला.