फारसीच्या जोडीला इंग्रजी

माझी भाची महिनाभरापूर्वी दिल्लीत घरी आली होती. जेवताना तिने विचारले, "मामा, जर्मन घेऊ की जपानी? नोकरी कशाने लवकर मिळेल?" मला त्यातले काही कळत नाही. मी आपली मोहनलालची गोष्ट सुरू केली. इतिहास वाचणाऱ्यांची ही खोड असते.

मोहनलालचा जन्म 1812 चा, दिल्लीतल्या एका काश्मिरी पंडित घराण्यातला. अशा घरांत मुलाला फारसी शिकवणे म्हणजे त्याच्या पोटापाण्याची तजवीज करणे. भाषा इराणची, पण कचेरीची, खलित्यांची आणि जमाखर्चाची. वडील बुधसिंग 1808 मध्ये एल्फिन्स्टनच्या वकिलातीबरोबर फारसी मुनशी म्हणून पेशावरकडे गेले होते. (हाच एल्फिन्स्टन पुढे पुण्याचा रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर झाला.) मुलानेही तीच वाट धरली असती तर कुणाला नवल वाटले नसते. पण 1820 च्या दशकाच्या अखेरीस दिल्ली कॉलेजात इंग्रजीचा वर्ग निघाला, आणि मोहनलाल त्यात जाऊन बसला. कचेऱ्या तेव्हा फारसीतच चालत होत्या. उद्याचा बाजार त्याला दिसला होता की केवळ कुतूहल होते, कोण जाणे. मला तरी दोन्ही असावे असे वाटते.

लगेच गिऱ्हाईक भेटले. अलेक्झांडर बर्न्स हा स्कॉटिश पोरगा 1821 मध्ये, सोळाव्या वर्षी, मुंबईच्या फौजेत आला आणि हिंदुस्तानी शिकून सुरतेस दुभाष्या झाला. मग फारसीही शिकला. भाषेच्या जोरावर वर चढणे हा उद्योग दोन्हीकडून चालू होता! मध्य आशियाच्या मोहिमेसाठी त्याला फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा आणि इंग्रजी कळणारा माणूस हवा होता. 1832 च्या जानेवारीत लुधियान्याहून मंडळी निघाली. सर्वेक्षणासाठी मुंबईत शिकलेला महंमद अली होता, मुनशी म्हणून विशीतला मोहनलाल. लाहोर, काबूल, बल्ख करत ते बुखाऱ्यापर्यंत गेले. परतल्यावर 1834 मध्ये मोहनलालचे प्रवासवृत्त कलकत्त्याला छापले गेले, इंग्रजीत.

तीनच वर्षांनी, 1837 च्या 29 व्या कायद्याने अदालती आणि महसुली कामातून फारसी हटवण्याची मुभा गव्हर्नर जनरलला मिळाली. 1844 मध्ये हार्डिंजने सरकारी नेमणुकांत इंग्रजी शिकलेल्यांना झुकते माप द्यायचे जाहीर केले. बुधसिंगच्या पिढीने लेकरांसाठी जी पुंजी जमवली होती, तिचा भाव असा आठ-दहा वर्षांत उतरला.

"म्हणजे मोहनलालचं बरोबर होतं," भाची म्हणाली.

मी काबूलकडे वळलो. इंग्रजांनी अफगाणिस्तानात फौज घातली, तेव्हा बर्न्सबरोबर मोहनलालही तिथे होता. 2 नोव्हेंबर 1841 रोजी जमावाने बर्न्सला मारले. मोहनलाल वाचला. पुढे इंग्रजी फौज काबूल सोडून निघाली आणि वाटेत कापली गेली. हा मात्र शहरातच राहिला. सरदारांशी फारसीत बोलायचे आणि इंग्रज अधिकाऱ्यांना इंग्रजीत बातमी पोचवायची, हे काम तो करत राहिला. ओलीस इंग्रजांच्या सुटकेसाठी त्याने मध्यस्थी केली, स्वतःच्या नावावर कर्जे काढली. दोन भाषा येणारा माणूस अशा वेळी किती उपयोगी पडतो, ते कंपनीला चांगलेच कळले असणार.

कर्जाचे हिशेब मात्र कंपनीने पुरते मानले नाहीत. त्याला निवृत्तिवेतन मिळाले, तो विलायतेलाही जाऊन आला. दोस्त महंमद खानाचे त्याने लिहिलेले दोन खंडी चरित्र 1846 मध्ये लंडनला निघाले. पण ज्या सरकारसाठी त्याने जीव पणाला लावला, त्या सरकारात तिशीनंतर त्याला पुन्हा मोठे काम मिळाले नाही. साहेबाच्या बरोबरीने इंग्रजी लिहिणारा मुनशी साहेबाला शेवटपर्यंत मुनशीच वाटला असावा. 1877 मध्ये तो वारला.

भाचीने ताट बाजूला सारले. "इंग्रजी शिकला नसता तर काबूलला गेलाच नसता ना?"

"नसता गेला."

"मग सदतीसनंतर काय केलं असतं त्याने?"

मी तिला आणखी भात वाढला.