समस्येच्या मुळाचा शोध : गिरणीतील दंड आणि तोयोदाचा माग

व्यवसाय व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात 'मूळ कारणांचे विश्लेषण' हा घटक बहुधा निव्वळ तंत्र म्हणून शिकविला जातो. पाच वेळा 'का?' विचारा, माशाच्या काट्यासारखी आकृती काढा, की झाले. परंतु या तंत्राला इतिहास आहे व त्याचा आरंभ कापडाच्या मागापाशी होतो. दोष माणसात शोधावयाचा की कामाच्या रचनेत, हा त्यातील खरा वाद होय.

प्रथम मुंबईचे उदाहरण घेऊ. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी तेथे पहिली कापडगिरणी स्थापिली. पुढे उभ्या राहिलेल्या गिरण्यांची यंत्रे मुख्यत्वे लँकेशायरमधून आली; ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही त्यातील मोठी कंपनी. विणाई खात्यात मदनपुऱ्यातील मोमीन विणकर मोठ्या संख्येने होते. कापडात दोष निघाल्यास भरपाई विणकराच्या मजुरीतून होई. कित्येकदा खराब तागा त्याच्याच गळ्यात मारून किंमत कापून घेत. दंड झाला की व्यवस्थापनाची चौकशी संपली! कामगारांचे म्हणणे निराळे होते. आखूड धाग्याच्या हलक्या कापसाचे बारीक सूत काढले की ते मागावर वारंवार तुटते, आणि कापसाची खरेदी काही विणकराच्या हाती नसते. अशा स्थितीत दोनऐवजी तीन माग सांभाळण्याची सक्ती हे १९२८ च्या सहा महिने चाललेल्या संपाचे एक कारण होते. दंड व कपातींवर कायद्याची मर्यादा आली ती १९३६ च्या पगार वाटप कायद्याने.

याच काळात जपानमध्ये सुताराचा मुलगा असलेल्या साकिची तोयोदा (१८६७-१९३०) यांनी सूत तुटण्याच्या याच प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. त्यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात ताण्याचा धागा तुटताच माग आपोआप थांबे. खराब कापड विणलेच जात नसे, त्यामुळे एक कामगार कितीतरी अधिक माग सांभाळू शके. १९२९ मध्ये या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले ते प्लॅट ब्रदर्सनेच.

तोयोदांच्या कापड कंपनीत १९३२ साली रुजू झालेले ताइची ओनो १९४३ मध्ये टोयोटा मोटर कंपनीत गेले. दोष दिसताच थांबावे, ही शिस्त त्यांनी मोटारनिर्मितीत रुजविली व तिला 'का?'ची जोड दिली. १९७८ च्या ग्रंथात त्यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. यंत्र का थांबले? जादा भाराने फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसे वंगण मिळाले नाही. का? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? पंपाला गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला. पहिल्या उत्तरावर थांबल्यास फ्यूज बदलला जातो, आणि तो पुन्हा उडतो.

या पद्धतीची उणीव अशी की ती एकाच रेषेत जाते. काओरू इशिकावा यांची काट्याची आकृती (१९४३) येथे उपयोगी पडते, कारण तीत माणूस, यंत्र, कच्चा माल व कार्यपद्धती या शाखा एकाच वेळी डोळ्यांपुढे राहतात. डेमिंग तर १९८० च्या दशकात स्पष्टच लिहीत होते की बहुतांश दोष व्यवस्थेचे असतात आणि व्यवस्था बदलणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे.

ओनोंचे प्रश्न मुंबईच्या ताग्याला लावून पाहण्याजोगे आहेत. तागा खराब का? सूत तुटले. का तुटले? कापूस हलका होता. हलका का घेतला? येथे चौकशी विणाई खात्यातून निघून कचेरीच्या दारात येते. एकोणिसाव्या शतकात अनेक मॅनेजिंग एजंटांचे कमिशन नफ्यावर नसून उत्पादनावर ठरलेले असे; अधिक माल निघणे हेच त्यांच्या हिताचे. दंडाची वही लिहिणारा कारकून हा तिसरा प्रश्न विचारू शकत नव्हता, आणि जे विचारू शकत होते ते उत्तराचे लाभार्थी होते.